वेबसाइटची किल्ली कोणाकडे?

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आठवडाभर त्यांना चुकवत फिरत होते. शेवटी मेसच्या दारातच गाठ पडली! वेलांटी पहिली की दुसरी हे रूममेटला विचारत विचारत हा लेख लिहिलाय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय मात्र सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ज्या घरातलं पोर कॉम्प्युटरला जातं त्या घराकडे नातेवाइकांच्या दोन मागण्या ठरलेल्या असतात. पहिली, "प्रिंटर चालत नाही, जरा बघ." दुसरी, "आमच्या धंद्याची एक वेबसाइट बनवून दे ना, तुला काय, दोन तासांचं काम!" पहिल्या मागणीवर माझ्याकडे अजून उत्तर नाही. दुसरीवर आहे. ते मला कुठल्या लेक्चरमध्ये नाही, मामाच्या अंगणात मिळालं.

एक ओळ काढता येईना

माझं आजोळ कर्जत तालुक्यात, मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या थोडं पुढे. मामाची भातशेती आहे, थोडे आंबे आहेत. काही वर्षांपूर्वी त्याने चार खोल्या बांधून कृषी पर्यटन सुरू केलं. आपल्या भागाला हा धंदा नवा नाही. नेरळजवळची सगुणा बाग १९८० च्या दशकापासून पाहुण्यांना शेत दाखवते आहे, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. मामाकडे पावसाळ्यात भातलावणी, हिवाळ्यात पोपटी, मे महिन्यात आंबे. थोडक्यात, दर तीन महिन्यांनी दुकानातला मालच बदलतो.

मामाने शहरातल्या एका मुलाकडून अठरा हजार देऊन वेबसाइट करून घेतली होती. दिसायला झकास! फोटो सरकत यायचे, कोपऱ्यात बैलगाडी हलायची. पण त्यातला एक शब्दही मामाला बदलता येत नव्हता. प्रत्येक बदलाला त्या मुलाला फोन करायचा. पहिल्या वर्षी तो उचलायचा, दुसऱ्या वर्षी "करतो" म्हणायचा, तिसऱ्या वर्षी नंबरच बंद.

त्या वेबसाइटवर एक ओळ होती: "पाच मिनिटांवर धबधबा, मुलांना मनसोक्त डुंबता येईल." आता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की पावसाळ्यात अपघात व्हायला लागले की प्रशासन कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर जायला बंदीचा आदेश काढतं. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेश निघाला की फाट्यावर पोलीस उभे राहतात. मामाने लगेच गेटवर पाटी लावली. पण वेबसाइटवर कशी लावणार?

जुलैतल्या एका रविवारी डोंबिवलीचं एक कुटुंब दोन गाड्या घेऊन आलं. मुलांच्या गळ्यात पोहायच्या ट्यूब. पोलिसांनी फाट्यावरून परत पाठवलं म्हणून ते तडक मामाकडे आले आणि त्या गृहस्थांनी मोबाइल पुढे केला, "तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय, वाचा!" मामाकडे उत्तर नव्हतं. त्यांना चहा पाजला, गावचं भाताचं शेत दाखवलं, पैसे घेतले नाहीत. ते गेले. रात्री भांडी आवरताना मामी एवढंच म्हणाली, "आज फाट्यावर पोलीस नसते तर? वर पाऊस पडला की ओढ्याला लोंढा येतो. ते पोरगं पाण्यात उतरलं असतं तर?"

कोणी बोललं नाही. मग हॉस्टेलवर मला फोन आला. "बाळा, तू कॉम्प्युटर शिकतेस ना? मग ती एक ओळ तेवढी काढून टाक."

मला ती काढता आली नाही. पासवर्ड नव्हता. कोणाकडेच नव्हता. चार सेमिस्टर झालेली मी, आणि एक ओळ काढता येईना! त्या रात्रीपासून मी या विषयात शिरले.

सीएमएस म्हणजे मेसचा फळा

या दुखण्यावरचं औषध म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, ऊर्फ सीएमएस. मराठीत त्याला "आशय व्यवस्थापन प्रणाली" म्हणतात. हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "ही कुठली सरकारी योजना? किती टक्के सबसिडी?" तेव्हा मी मेसचं उदाहरण दिलं, तुम्हालाही तेच देते.

आपल्या मेसमधला फळा आठवा. वार, नाश्ता, दुपार, रात्र हे रकाने ऑइलपेंटने रंगवलेले आहेत, ते पुसले जात नाहीत. आतली भाजी खडूने लिहिलेली असते. ती रोज बदलते (असं मेसचे काका म्हणतात). भाजी बदलायला पेंटर बोलवावा लागत नाही, मेसचा सगळ्यात धाकटा पोऱ्यासुद्धा ते काम करतो.

सीएमएसमध्ये अगदी हेच असतं. ऑइलपेंट म्हणजे थीम किंवा टेम्प्लेट: रंग, मेनू, कुठे काय दिसायचं ते. खडू म्हणजे मजकूर आणि फोटो. मामाच्या जुन्या वेबसाइटवर मात्र पेंटरने भाजीसुद्धा ऑइलपेंटने लिहून ठेवली होती. एचटीएमएलच्या फायलींमध्येच मजकूर कोंबलेला. म्हणून बटाट्याचा वांगं करायला दर वेळी पेंटरच हवा, आणि पेंटर गेला पळून.

ज्यांना आतलं यंत्र बघायचंय त्यांच्यासाठी थोडं खोलात. बहुतेक सीएमएसचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, म्हणजे मायएसक्यूएलसारख्या कोष्टकांच्या कपाटात. पाहुण्याच्या ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हरवरचा पीएचपी प्रोग्राम जागा होतो, डेटाबेसमधून त्या पानाचा मजकूर काढतो, थीमच्या साच्यात बसवतो आणि तयार झालेलं एचटीएमएल पाठवून देतो. प्रत्येक पान मागणी आल्यावर ताजं तयार होतं, तव्यावरच्या पोळीसारखं. गर्दी झाली तर आधीच चार पोळ्या करून डब्यात ठेवतात, त्याला कॅश म्हणायचं. मालकाने लॉगिन करून मजकूर बदलला की डेटाबेसमधली एक ओळ बदलते, बस्स. साच्याला कोणी हात लावत नाही.

तीन सॉफ्टवेअर, तीन गोष्टी

फुकट मिळणाऱ्या सीएमएसमध्ये तीन नावं वर्षानुवर्षं ऐकू येतात: वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल. त्यांच्या जन्मकथा वाचल्या तेव्हा मला मामाचीच गोष्ट वाचते आहे असं वाटलं.

बीटू नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. ते करणाऱ्याने काम थांबवलं आणि वापरणारे वाऱ्यावर पडले. म्हणजे पेंटर पळाला! पण बीटूचा परवाना जीपीएल होता. या परवान्यात सोर्स कोड कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा अशी मोकळीक असते. म्हणून मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच कोड घेऊन काम पुढे नेलं आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस बाहेर पडलं. मलनवेग तेव्हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. म्हणजे माझ्याहून लहान! (हे वाचून मी दोन दिवस उदास होते.) आज जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन त्यावर चालतात.

जूमलाचं तसंच. मॅम्बो नावाच्या सीएमएसची सूत्रं कोणाच्या हाती राहावीत यावरून कंपनी आणि प्रोग्रामर यांच्यात बिनसलं. २००५ मध्ये प्रोग्रामर कोड घेऊन बाहेर पडले आणि नवं नाव ठेवलं. स्वाहिली भाषेत त्या शब्दाचा अर्थ "सगळे मिळून" असा आहे.

ड्रुपल तर आपल्यासारख्यांचंच! बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये मुलांनी मिळून एक इंटरनेट जोडणी वापरायला घेतली. एकमेकांना निरोप ठेवायला ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने एक छोटी साइट केली, तिचंच पुढे २००१ मध्ये ड्रुपल झालं. त्याला साइटचं नाव डच भाषेत "गाव" या अर्थाचं ठेवायचं होतं, पण टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली आणि "थेंब" झालं! आपली मायबोली आणि मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं या ड्रुपलवर चालत आली आहेत. तेव्हा हॉस्टेलच्या वायफायला नावं ठेवण्याआधी दोनदा विचार करा.

या गोष्टींतून मी एक धडा घेतला. करणारा माणूस निघून जाणारच. नोकरी लागेल, लग्न होईल, कंटाळा येईल. तो गेल्यावर दुसऱ्याला काम पुढे नेता येतं का, हा खरा प्रश्न आहे. फुकट मिळतं म्हणून नाही, तर पेंटर पळाला तरी दुसरा पेंटर मिळतो म्हणून ही सॉफ्टवेअर छोट्या धंद्याला स्वस्त पडतात.

कोणाला काय परवडेल?

आता आपल्या परिसरातली उदाहरणं घेऊन बघू.

कर्जत स्टेशनवरच्या बटाटेवड्याला वेबसाइट लागत नाही. घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावायची म्हणून पुण्याकडच्या गाड्या कर्जतला थांबत आल्या, आणि त्या थांब्यावरच वडा प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक स्वतः दारात येतं! अशा धंद्याला, किंवा गावातल्या सलूनला, किराणा दुकानाला गूगलच्या नकाशावरची फुकटची नोंद पुरते. पत्ता, वेळ, फोन, चार फोटो. विनाकारण कोणाला वेबसाइट विकू नका.

एकच पान हवं असेल, म्हणजे खोपोलीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला आम्ही काय करतो, कुठे आहोत एवढंच सांगायचं असेल, तर गूगल साइट्स किंवा ब्लॉगर फुकट आहेत. ब्लॉगरला आपलं स्वतःचं डोमेनही जोडता येतं. पण सावध! फुकटच्या जागेचा मालक दुसरा असतो. गूगलच्या धंद्याच्या नोंदीबरोबर पूर्वी एक फुकट वेबसाइटही मिळायची. छोट्या दुकानदारांना ती सोयीची होती. मार्च २००४ नव्हे हं, अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये कंपनीने ती सोय बंद केली आणि त्या साइट मिटल्या. ज्यांनी कार्डावर, टेम्पोवर तोच पत्ता रंगवला होता त्यांनी काय करायचं? स्वतःचं डोमेन असतं तर मागची जागा बदलून पुढचा पत्ता तोच ठेवता आला असता.

महिन्या-दोन महिन्यांनी मजकूर बदलणारा धंदा असेल, म्हणजे मामाचं कृषी पर्यटन, चौकची एखादी रोपवाटिका, महडला वरदविनायकाच्या भक्तांसाठी असलेला लॉज, तर वर्डप्रेस. शिकायला सोपं, मराठीत वापरता येतं, आणि अडलं तर मदत करणारा कोणीतरी पनवेल-कल्याणपर्यंत नक्की सापडतो. वस्तू विकायच्या असतील तर त्यावर वूकॉमर्स चढवता येतं. इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे, तिथे ते तुम्हाला जागा देतात आणि बऱ्याच सोयींचे पैसे घेतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, ते आपल्या जागेवर आपण टाकायचं. मी या लेखात दुसऱ्याबद्दल बोलते आहे.

जूमलामध्ये एका साइटवर अनेक भाषा चालवायची सोय मुळातच आहे, पण शिकायला ते थोडं अवघड. ड्रुपल मोठ्या कामाला दणकट आहे, चार खोल्यांसाठी मात्र ते म्हणजे मुंगी मारायला तोफ! शिवाय ड्रुपल ७ चं पाठबळ ५ जानेवारी २०२५ रोजी संपलं, आणि त्यावरून पुढच्या आवृत्तीवर जायचं तर साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागते. छोट्या धंद्याला ते झेपत नाही.

ज्यांना कोड लिहायला आवडतं ते म्हणतील, ह्यूगो किंवा जेकिल का नाही? यात पानं आधीच तयार करून ठेवतात, डेटाबेसच नाही, म्हणून वेगवान आणि फोडायला कठीण. ठेवायची जागाही फुकट मिळू शकते. मला स्वतःला हेच आवडतं. पण मामी कमांड लाइन उघडून धबधब्याची ओळ काढणार आहे का? नाही ना? मग विषय संपला. साइट आपल्यासाठी करायची नसते.

खर्चाचा हिशोब

"अॅफोर्डेबल" म्हणजे नेमकं किती? आम्ही तीन वर्षांचा हिशोब मांडला. जाहिरातीतला दर बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचाच असतो आणि नूतनीकरणाला तो उडी मारतो, म्हणून एका वर्षावर जाऊ नका.

आम्हाला पडलं ते असं. डॉट इन डोमेन पहिल्या वर्षी ५०० रुपये, पुढची दोन वर्षं ९०० प्रमाणे, एकूण २,३००. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, तीन वर्षांचे एकदम ७,२००. दोन्हींची बेरीज ९,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७१०. एकूण ११,२१०. महिन्याला साधारण ३११ रुपये! वर्डप्रेस फुकट, थीम फुकट. ब्राउझरमध्ये कुलूप दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट देते, तेही होस्टिंगवर एका क्लिकमध्ये लागलं. माझी मजुरी: चार शनिवार-रविवार आणि एक मडकं पोपटी.

जुन्या साइटचे १८,००० आणि वर्षाला "मेंटेनन्स" म्हणून ६,००० ठरले होते. म्हणजे तीन वर्षांचे ३६,०००, महिन्याला हजार. दर ठिकाणागणिक बदलतील, पण हिशोब असाच मांडा.

सातबारा कोणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मामाला हे सांगताना मी सातबाऱ्याची भाषा वापरली आणि त्याला ते माझ्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळलं.

डोमेन म्हणजे सातबारा. तो कोणाच्या नावावर आहे ते आधी बघायचं. आमच्या जुन्या डोमेनवर नाव आणि ईमेल त्या मुलाचं होतं. पैसे मामाचे, जमीन दुसऱ्याची! फरक इतकाच की इथे सारा वेळेवर भरला नाही तर जमीनच जाते. मुदत संपल्यावर काही दिवस जादा पैसे भरून डोमेन सोडवता येतं, मग ते कोणीही घेऊ शकतं. नोंदणी नेहमी मालकाच्या नावाने आणि मालकाच्या ईमेलवर करा. एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायला एक गुप्त कोड लागतो, तो मालकालाच मिळाला पाहिजे.

होस्टिंग म्हणजे घर बांधायला घेतलेली भाड्याची जागा. जागा पटली नाही तर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाता येतं, सातबारा आपला असेल तर पाहुण्यांना कळतही नाही. याचंही लॉगिन मालकाकडे हवं.

तिसरी गोष्ट, घराच्या दाराची किल्ली, म्हणजे सीएमएसचा अॅडमिन पासवर्ड. वर्डप्रेसमध्ये माणसागणिक अधिकार वाटता येतात. मामा अॅडमिनिस्ट्रेटर, मामी एडिटर. मामी मजकूर बदलू शकते, पण चुकून थीम उडवू शकत नाही. काम संपल्यावर मी माझं अॅडमिन खातं काढून टाकलं. मामाला वाईट वाटलं, "तू काय परकी आहेस का?" मी म्हटलं, "मामा, मी पण पेंटरच. उद्या कॅम्पसमधून बंगलोरला गेले तर?"

चौथी गोष्ट बॅकअप. डेटाबेस आणि फोटोंच्या फायली दोन्ही हव्यात, एक घेऊन उपयोग नाही. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका, घराची जादा किल्ली घरातच ठेवल्यासारखं होईल. आम्ही एकदा लॅपटॉपवर सगळी साइट बॅकअपमधून परत उभी करून बघितली, मगच त्याला बॅकअप म्हटलं.

हे सगळं एका कागदावर लिहून मामाने खऱ्या सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवलंय.

लागलेल्या ठेचा

पहिली ठेच फाँटची. मामाचं मराठी माहितीपत्रक प्रेसमधून आलं होतं. त्यातला मजकूर वर्डप्रेसमध्ये पेस्ट केला तर सगळी किडामुंगी! कारण प्रेसचे जुने डीटीपी फाँट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी चित्रं बसवतात, युनिकोडसारखा प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. कन्व्हर्टरने बदलून मग रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासली. गूगललासुद्धा युनिकोडमधलंच मराठी सापडतं.

दुसरी ठेच फोटोंची. जुन्या पानावर मोबाइलचे वीस फोटो जसेच्या तसे होते, एकेक ४ एमबीचा. म्हणजे ८० एमबी. कशेळ्याला नशिबाने १ एमबीपीएस मिळालं तर ते पान उघडायला ६४० सेकंद, जवळजवळ अकरा मिनिटं! तेच फोटो दीडशे केबीचे केले की सगळे मिळून ३ एमबी, चोवीस सेकंद. वर्डप्रेस फोटोच्या लहान प्रती आपोआप करतं, आणि ऑगस्ट २०२० पासून खालचे फोटो वाचक तिथे पोचल्यावरच उतरवतं. तरी चढवण्याआधी लहान करणं चांगलं.

तिसरी ठेच गावाच्या नावाची. कर्जत दोन आहेत, आपलं आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं. एका पाहुण्याने खरोखर तिकडचा रस्ता धरला होता! आपलं महड आणि दक्षिण रायगडातलं महाड इंग्रजीत एकाच स्पेलिंगने लिहितात. आणि खालापूरच्या चौक गावाचं तर विचारूच नका, गावोगावचे सगळे चौक येतात. म्हणून प्रत्येक पानावर तालुका, जिल्हा, पिनकोड आणि नकाशा द्या, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत.

चौथी ठेच मोहाची. प्लगिन म्हणजे जादा सोयी देणारे तुकडे. पहिल्या रविवारी मी सतरा प्लगिन टाकले, साइट म्हशीसारखी बसली. आता पाच आहेत. प्रत्येक प्लगिन म्हणजे घराला आणखी एक खिडकी, तिची कडी कोणीतरी बघावी लागते. वर्डप्रेसच्या सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसतात, पण प्लगिन आणि थीमचे अपडेट महिन्यातून एकदा बघायलाच हवेत. आणि विकतची थीम कुठून तरी "फुकट" मिळवू नका, त्यात चोराने आपली किल्ली आधीच लपवलेली असू शकते.

पुन्हा जुलै

जुनं डोमेन आम्हाला मिळालं नाही. नव्या नावाने साइट केली. गूगलच्या नकाशावर नवा पत्ता दिला, तरी ती जुनी साइट आणि ती ओळ नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत तशीच दिसत राहिली. आम्ही फक्त बघत बसलो. त्या चार महिन्यांत मामी रोज संध्याकाळी फाट्यावरून येणाऱ्या गाड्यांकडे बघायची.

पुढच्या पावसाळ्यात मी परीक्षेच्या गडबडीत होते. एका दुपारी सहज मामाची साइट उघडली तर सगळ्यात वर, ठळक अक्षरात: "धबधब्यावर जाण्यास सध्या सरकारी बंदी आहे. कृपया मुलांना पाण्यात नेऊ नये. आमच्याकडे भातलावणी बघायला या." मला कोणी फोन केला नव्हता. मामीने आदेश ऐकला आणि ओसरीवर बसून मोबाइलवरून ते लिहिलं होतं. "कृपया"ची वेलांटी चुकली होती का म्हणून मी रूममेटला विचारलं, तर त्यात वेलांटीच नसते म्हणे!

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत कोणा काकाची, मामाची, गावातल्या दुकानाची वेबसाइट कराल तर जरूर करा. पण निघताना डोमेन, होस्टिंग, पासवर्ड आणि बॅकअप या चारही गोष्टी त्यांच्या हातात देऊन, त्यांच्याकडून एक ओळ बदलून घेऊन मगच एसटी पकडा. ती ओळ त्यांना तुमच्याशिवाय बदलता आली की काम झालं.

प्रिंटरचं मात्र अजून काही जमलेलं नाही.